राहणं आणि रुळणं: चेक शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेला चार पत्रं घेतली. चारही वेगवेगळ्या गावांतून आलीत, पण गाठ एकच आहे, इंग्रजीतली हॅबिट आणि तिचं सगळं गोत चेक भाषेत न्यायचं कसं. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं, लांबू दिलं.

प्रश्न: ताई नमस्कार. ताडोबाच्या मोहर्ली गेटकडं आमचं छोटंसं होमस्टे आहे, चार खोल्या. मागच्या उन्हाळ्यात चेक देशातले सहा पाहुणे आले होते अन यंदा त्यायच्याच ओळखीचे अजून येणार आहेत, म्हणून म्या ठरवलं का अंगणातल्या पत्र्याच्या बोर्डावर इंग्रजीच्या खाली चेकमध्ये पण लिहून टाकावं. बोर्डावर चार गोष्टी आहेत, टायगर हॅबिटॅट, टायगर हॅबिट्स, गावातले इनहॅबिटंट्स, अन रस्त्याकडच्या बाजूनं ‘ह्युमन हॅबिटेशन, गो स्लो’. मोबाईलमध्ये एकेक शब्द टाकून पाहिला तर हॅबिटले ‘हाबित’ आलं, ते म्या त्या पाहुण्यायले पाठवलं तर ते म्हणे हा तर मठातल्या साधूचा झगा झाला. आता इंग्रजीत चारही शब्द हॅबि-नंच सुरू होतात, मग चेकमध्ये एकच शब्द घेऊन त्याले मागून शेपटं लावले तर काहून चालत नाही? पेंटर बुधवारी येणार आहे.
— मोहर्लीकडचा वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर: भाऊ, पेंटरला बुधवारी येऊ द्या, तोवर आपलं काम होऊन जाते. पण आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेऊ, कारण गडबड सगळी तिथंच आहे.

इंग्रजीतले हे चारही शब्द लॅटिनच्या एकाच क्रियापदाची लेकरं आहेत, ‘हाबेरे’, म्हंजे जवळ असणं, धरून असणं. माणूस जे धरून बसते ती हॅबिट, साधू जे अंगावर धरते तो झगा पण हॅबिट, आणि जागा धरून राहिला की हॅबिटेशन. हॅबिटॅट तर मुळात नाम नव्हतंच, ते अख्खं लॅटिन क्रियापद आहे, अर्थ एवढाच की ‘राहतो’. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं १७५३ साली झाडांचा मोठा ग्रंथ छापला त्यात झाडाच्या वर्णनाखाली ते कुठलं ते लिहायची पद्धत होती, आंब्याखाली लिहिलंय ‘हाबितात इन इंडिया’, भारतात राहतो, आणि असं वाचता वाचता लोकांनी त्या ‘राहतो’लाच जागेचं नाव करून टाकलं.

चेकच्या रोजच्या बोलण्यात लॅटिनचं हे खटलं आलंच नाही, आला तो तेवढा झगा. राहणं आणि सवय या दोन गोष्टींसाठी चेककडे दोन वेगळे धातू आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक ‘बीत’, म्हंजे असणं. त्यातून ‘बित’ म्हंजे फ्लॅट, ‘बिद्लेत’ म्हंजे राहणं, ‘ओबिद्ली’ म्हंजे राहायची जागा, ‘ओबिवातेल’ म्हंजे रहिवासी. दुसरा ‘विक’, म्हंजे सवय होणं, त्यातून ‘झ्विक’, ‘नाविक’, ‘ओबिचेय’ असे सवयीचे आणि चालीरीतीचे शब्द.

आता हे दोन्ही धातू परके समजू नका. ‘बीत’ म्हंजे आपला संस्कृतातला भू, भवति मधला. असणं यावरून त्यांनी घराला ‘बित’ म्हटलं आणि आपण ‘भवन’ म्हटलं, रस्ता तोच. आणि ‘विक’ म्हंजे संस्कृतातला उच्, आवडणं, सवयीचं होणं, त्यातूनच आपला ‘उचित’ आला, मुळात सवयीचं म्हणून योग्य. चेकमध्ये शिकवणे याला शब्द आहे ‘उचित’, अगदी असाच म्हणतात, शेवटचा त तेवढा त्यांचा क्रियापदाचा आहे आणि आपला वेगळा, पण धातू एकच, कारण शिकवणं म्हंजे सवय लावणंच की हो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चेक देशातल्या ब्रनो शहराच्या ट्राममध्ये बसले होते, वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द वरखाली लिहिले आणि माझा स्टॉप निघून गेला. अजून एक सांगते, याच उच् धातूतून संस्कृतात ‘ओकस्’ आला, म्हंजे घर, वनौकस म्हंजे रानात राहणारा. म्हंजे सवयीची जागा तेच घर. लॅटिननं जे धरण्यातून जोडलं ते आपल्या संस्कृतानं रुळण्यातून जोडलं.

मराठीत तर आपण आजही हेच बोलतो नं. नवी सून सासरी रुळली का, असं विचारतो, तेव्हा राहण्याचं विचारतो का सवयीचं? दोन्हीचं. चूल कुठं, पिठाचा डबा कुठल्या फळीवर, सासऱ्याला चहा किती वाजता, हे हाताला न विचारता कळायला लागलं की ती रुळली. चेकमध्ये त्याला ‘झ्विक्नोउत सि’ म्हणतात, आणि हे क्रियापद माझ्या मते त्या भाषेतलं सगळ्यात पहिले शिकायला पाहिजे, परदेशात गेलेल्या माणसाला लोक दर आठवड्याला तेच विचारतात.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. ‘ओबिवातेल’ आणि ‘ओबिचेय’ दोन्ही ‘ओबि’ने सुरू होतात म्हणून सख्खे भाऊ वाटतात, पण नाहीत. पहिल्यात ‘ओब’ अधिक असण्याचा ‘बी’ आहे. दुसरा मुळात ‘ओब-विचेय’ असा होता, ब आणि व शेजारी आले आणि व गळून पडला. एक रहिवासी, दुसरा रिवाज. आपल्याकडं वस्ती आणि वस्त्र यांचं असंच आहे, दोन्हीत वस् दिसते पण राहायचा वस् वेगळा आणि नेसायचा वस् वेगळा. दिसण्यावर जाऊ नका.

आता बोर्ड. पहिली ओळ, हॅबिटॅट. चेक प्राणिसंग्रहालयांच्या पाट्यांवर ‘बिओतोप’ लिहिलेलं असते, तेच लिहा, सरळ आहे. झाडांसाठी ‘स्तानोविश्त्ये’ पण म्हणतात, त्यात आपलं स्थान आहे, पण वाघाला बिओतोपच बरं.

दुसरी ओळ, टायगर हॅबिट्स. इथं ‘झ्विक’ लिहू नका, चुकीचं नाही पण वाचणाऱ्याला वाघ सण साजरा करते की काय असं वाटंल. पाटीवर लिहायची पद्धत आहे ‘स्पूसोब झिवोता’, म्हंजे जगण्याची रीत. ‘झिवोत’ म्हंजे जीवन आणि त्यात आपला जीवच बसला आहे, तोही धातू दोघांचा एक. मराठीतही तुम्ही वाघाच्या सवयी म्हणत असाल पण गावातला म्हातारा गाइड काय म्हणते ते आठवा, वाघाचं वागणं, वाघाचं राहणं-चालणं. ते जास्त जवळचं आहे.

आणि बोर्डावर वाघाबद्दल वाक्य लिहिणार असाल तर ‘वाघ जंगलात राहतो’ याला ‘बिद्लेत’ वापरू नका. ही चूक मी स्वतः घरमालकिणीपुढं केली होती, तिला तिकडं ‘बित्ना’ म्हणतात, त्यातही बित आहे. मी म्हटलं आमच्याकडचे वाघ रानात ‘बिद्ली’. ती सत्तरीची बाई, हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, मग दाराशी चपला काढून घरातल्या सपाता घालत असंल तुमचा वाघ. चेक लोकांत घरात शिरताना बाहेरचे जोडे काढून सपाता घालतात, आपल्यासारखंच. म्हंजे ‘बिद्लेत’ माणसाचं, दार-पत्ता असलेलं राहणं, गोष्टीतला कोल्हा ‘बिद्ली’ म्हटला तर चालते. रानातला वाघ ‘झिये’, जगतो. मराठीत आपल्याला राहणे एकच पुरते म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

तिसरी ओळ, इनहॅबिटंट्स. ‘ओबिवातेले’, झालं. फक्त मोबाईलनं ‘दोमोरोद्त्सि’ सुचवलं तर घेऊ नका. त्याचा अर्थ तिथलेच मूळ लोक असा असला तरी त्या शब्दाला परक्या देशातून पाहायला आलेल्या माणसाच्या नजरेचा वास आहे, आणि तुमच्या गावातले गोंड, माना लोक तुमचे शेजारी आहेत, पाहायची वस्तू नाहीत. ‘ओबिवातेले’च लिहा.

चौथी, ह्युमन हॅबिटेशन. इंग्रजीतच ते वनखात्याच्या कागदासारखं झालं आहे. चेकमध्ये ‘ओबित्ना झोना’ नावाची रस्त्यावरची अधिकृत पाटी असते, राहत्या वस्तीसाठी, तिथं गाडीला ताशी २० किलोमीटरची मर्यादा आणि पोरांना रस्त्यावर खेळायची मुभा. तुमच्या रस्त्याला शोभंल खरं, पोरं आणि बकऱ्या दोन्ही असतात, पण ती कायद्याची पाटी आहे, आपण लिहू नये. साधं लिहा, ‘पोझोर, वेस्नित्से’, म्हंजे जपून, गाव आहे. ड्रायव्हरला तेवढं पुरते.

चेक रोमन लिपीत पण खुणांसकट लिहितात, अक्षरावरची टोपी किंवा काना विसरला की शब्द बदलते, ‘बित’ फ्लॅट आणि ‘बीत’ असणं यात फरक त्या एका रेघेचा आहे. पत्त्यावर वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, पेंटरला तो समोर ठेवूनच रंगवायला सांगा.

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेची एका चेक शाळेसोबत पत्रमैत्री सुरू आहे. सातवीच्या मुलांनी ‘अवर हॅबिट्स’ म्हणून तक्ता केला, त्यात चार गोष्टी लिहिल्या, जेवायच्या आधी हात धुणे, तान्हा पोळा, नखं खाणे, आणि एका मुलीनं लिहिलं आमच्या गावात माणसं खर्रा खातात. तिकडच्या बाई म्हणाल्या की चारही ठिकाणी एकच शब्द चालणार नाही. असं का?
— शिक्षिका, ता. चिमूर

उत्तर: बाई, तुमच्या पोरांनी न सांगता चेकचा अख्खा धडाच मांडला.

हात धुणं ‘नाविक’. आपल्या नावाड्यासारखं दिसते पण हा करून करून अंगवळणी पडलेला, शिकवून लावलेला गुण. खाण्यापिण्याच्या, स्वच्छतेच्या सवयी म्हणताना चेक लोक हाच शब्द घेतात. तान्हा पोळा ‘झ्विक’, सगळ्या गावाची चालत आलेली रीत, आणि ‘झ्विकि आ ओबिचेये’ अशी जोडीच म्हणतात, आपण चालीरीती म्हणतो तशी. तिकडची पोरं तुम्हाला ख्रिसमसचा झ्विक लिहून पाठवतील, सफरचंद आडवं कापतात आणि आत बियांची चांदणी दिसली तर वर्षभर घरातले धडधाकट राहतील असं मानतात. तुमच्या पोरांनी लाकडी नंदीबैल सजवून घरोघर कसा नेतात ते चित्रासकट पाठवावं, बैलाच्या चाकापासून बेगडाच्या झुलीपर्यंत.

नखं खाणं ‘झ्लोझ्विक’, म्हंजे वाईट सवय, आपली खोड. आपण म्हणतो जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ते म्हणतात ‘झ्विक ये झेलेझ्ना कोशिले’, सवय म्हंजे लोखंडाचा सदरा. मला त्यांची म्हण जास्त दयाळू वाटते, सदरा जड असला तरी काढता येते.

पण खर्रा झ्लोझ्विक लिहू नका. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला तो गोळा ज्यानं गालात धरला त्याला खोड म्हणणं म्हंजे गोष्ट हलकी करणं आहे. चेकमध्ये व्यसनाला ‘झाविस्लोस्त’ म्हणतात, त्यात लटकणं आहे, माणूस त्या वस्तूला लटकून असते. आपल्या ‘अवलंबून’मध्येही लंब म्हंजे लटकणंच आहे. आमच्या वाड्यातले एक काका तोंड उघडेना म्हणून दवाखान्यात गेले तेव्हा दोन बोटं पण आत जात नव्हती, भाकर कुस्करून ताकात भिजवून खायचे. त्या मुलीनं ते लिहायची हिंमत केली, तर तिच्या वाक्याला खरा शब्द द्या, झाविस्लोस्त.

प्रश्न: मी पुढच्या वर्षी एमएस्सीसाठी ब्रनोला जायचा प्रयत्न करतोय. कागदांवर बिद्लिश्त्ये, त्र्वाली पोबित, उबितोवानी आणि कोलेय असे चार शब्द येतात, सगळ्यांचा अर्थ ॲड्रेसच दिसतो. डोमिसाइल कुठं लिहू?
— विद्यार्थी, पुसद

उत्तर: ‘बिद्लिश्त्ये’ म्हंजे राहायचा पत्ता, तिथं पुसदचा लिहा. ‘पोबित’ म्हंजे मुक्काम, आणि ‘त्र्वाली पोबित’ म्हंजे कायमचा मुक्काम, तो त्यांच्या देशात कायद्यानं मिळणारा दर्जा पण आहे, तो तुम्हाला नसेल, म्हणून रकान्यात नीट काय विचारलंय ते वाचा, कायमचा पत्ता विचारला असंल तर पुन्हा पुसदच. ‘उबितोवानी’ म्हंजे राहण्याची सोय, आणि ‘कोलेय’ म्हंजे विद्यार्थ्यांचं हॉस्टेल, कॉलेज नाही, इथं आपली पोरं हमखास फसतात. तहसीलचं अधिवास प्रमाणपत्र आपल्याकडं प्रवेशाला आणि आरक्षणाला लागते, तिकडच्या फॉर्मला त्याच्याशी घेणं नाही. मागितल्याशिवाय जोडू नका, जोडायचं झालंच तर मान्यताप्राप्त अनुवाद लागंल.

प्रश्न: ताई, मी ऑनलाइन चेक शिकतो. ‘बीत’ म्हंजे असणे, इथवर समजलं. पण ‘बीवात’ नावाचं अजून एक निघालं, त्याचा अर्थ कोणी ‘टू बी हॅबिच्युअली’ सांगते, कोणी म्हणते राहणे. सवयीचं असणं म्हंजे काय असते? आमचे पुण्यातले सर म्हणाले मराठीत असं क्रियापदच नाही, पाठ करा. अन मी बोललो का ‘आमच्याकडं बुधवारी बाजार राह्यते’, तर ते म्हणे आधी मराठी सुधारा.
— दर्यापूर तालुक्यातून, जि. अमरावती

उत्तर: दादा, तुमच्या सरांनी एकाच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या आणि दुसरीनं पहिली खोटी पाडली, त्यांच्या लक्षात आलं नाही एवढंच.

‘बुधवारी बाजार राह्यते’ याचं चेक आहे ‘वे स्त्रेदु तु बीवा त्र्ख’. यातलं ‘बीवा’ म्हंजे तुमचं ‘राह्यते’. आज आहे असं नाही, या बुधवारी नक्की आहे असंही नाही, नेहमी असते, असायची रीत आहे. पुस्तकी मराठीत आत्ताच्यासाठी ‘आहे’ आणि नेहमीच्यासाठी ‘असतो’ म्हणतात. वऱ्हाडीतही आपण आत्ताच्यासाठी ‘आहे’ ठेवतो आणि नेहमीच्यासाठी ‘राह्यते’ काढतो. दुपारी बाप वावरात राह्यते. उन्हाळ्यात विहिरीले पाणी नाही राह्यत. हे अशुद्ध नाही, हा बारकावा आहे, आणि तो आमच्या आजीच्या तोंडी होता, माझ्या तोंडी आहे, आणि चेकच्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याला स्वतःचं पान आहे.

चेकमध्ये हे फक्त ‘असणं’ला नाही, बऱ्याच क्रियापदांना मध्ये ‘वा’ घालून नेहमीचं करता येते. बसणं ते ‘सेदावात’, जाणं-येणं ते ‘खोद्यीवात’. आता हे पहा, ‘वाघ पाण्याकडं जाऊन रायला’, म्हंजे आत्ता, डोळ्यासमोर. याला चेकमध्ये साधं ‘य्दे’. आणि ‘वाघ संध्याकाळी पाण्याकडं जात राह्यते’, म्हंजे त्याची रीत. याला ‘खोद्यीवा’. ‘खोद्यीवा’ कधीच आत्ताच्या एका जाण्याला चालत नाही. तुमच्या कानाला हा फरक आधीपासून आहे, ‘जाऊन रायला’ आणि ‘जात राह्यते’ यांत तुम्ही आयुष्यात चुकला नसाल. भूतकाळात पण तसंच, ‘खोद्यीवाल’ म्हंजे ‘जायचा’, पुस्तकी मराठीतलं ‘जात असे’, ज्याला शाळेत रीतिभूतकाळ म्हणून शिकवते.

आता तो दुसरा अर्थ, राहणे. चेकमध्ये ‘बीवाम’ म्हंजे मी सहसा असतो. शेजारच्या स्लोव्हाक भाषेत हेच क्रियापद राहण्याचं साधं क्रियापद आहे, ‘बीवाम’ म्हंजे मी राहतो, घर तिथं आहे. दोन्ही भाषा इतक्या जवळ की एकमेकांना कळतात, १ जानेवारी १९९३ ला दोन देश वेगळे झाले तोवर एकाच देशात होत्या, म्हणून तुम्हाला दोन माणसांनी दोन अर्थ सांगितले आणि दोघंही खरे.

आणि मला सगळ्यात जास्त हेच आवडते की पुन्हा पुन्हा असणं म्हंजेच राहणं. लॅटिनवाल्यांनी ‘हाबेरे’ला पुन्हा पुन्हाचं रूप दिलं तर ‘हाबितारे’ झालं, राहणं. स्लाव लोकांनी ‘बीत’ला पुन्हा पुन्हाचं रूप दिलं तर ‘बीवात’ झालं. वऱ्हाडानं उलटीकडून येऊन राहण्यालाच पुन्हा पुन्हा असण्याच्या कामाला लावलं. तिन्ही एकाच बांधावर भेटतात. इंग्रजीच्या हॅबिच्युअलीतून गेलात तर हा बांध दिसत नाही, वऱ्हाडीतून गेलात तर दोन पावलांवर आहे.

म्हणून दादा, पाठ नका करू. ‘बीवा’ दिसलं की मनात ‘राह्यते’ म्हणा आणि वाक्य पुढं वाचा, दहातल्या नऊ वेळा बसते. जिथं बसत नाही ते ठिकाण सांगते, ‘बीवाली’ हे विशेषण, त्याचा अर्थ माजी, पूर्वीचा, माजी सरपंच म्हणतो तसा. तेवढं वेगळं लक्षात ठेवा. तुमच्या गावात कोणत्या दिवशी काय राह्यते, बाजार, दिंडी, लाइन जाणं, काय असंल ते, अशी पाच वाक्यं आधी वऱ्हाडीत लिहा, मग खाली चेकमध्ये, आणि पाठवा. पुढच्या अंकाच्या आधी तपासून देते.